स्टिरॉइड संप्रेरके पेशी वाढवतात की रोखतात?

चिपळूणच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन आणि कॉर्टिसॉल ही तिन्ही संप्रेरके कोलेस्टेरॉलपासून तयार होतात आणि त्यांची काम करण्याची पद्धतही पुस्तकात एकच सांगितलेली असते, तरीही पहिली दोन पेशींची वाढ करतात आणि तिसरे वाढ रोखते, हे कसे? आणि ग्रोथ फॅक्टर या नावाने ज्या प्रथिनांचा उल्लेख येतो, त्यांचा या संप्रेरकांशी नेमका संबंध काय? जोडीला त्यांनी वर्गातून आलेल्या तीन शंका कळवल्या आहेत. दम्याच्या पंपाने मुलाची उंची खुंटते का, व्यायामशाळेत मिळणाऱ्या इंजेक्शनांनी स्नायू खरोखरच वाढतात का, आणि गुडघेदुखीच्या पुड्या घेणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या आजीची हातावरची जखम भरून का येत नाही. मी रत्नागिरी जिल्ह्यात अंतःस्रावी ग्रंथींच्या विकारांवर उपचार करतो आणि या तिन्ही शंका माझ्या दवाखान्यात नित्य येतात, त्यामुळे मूळ शास्त्र आणि या शंका यांची उत्तरे एकत्रच देतो.

आधी उत्तराचा गाभा. स्टिरॉइड संप्रेरक पेशीला ‘वाढ’ किंवा ‘थांब’ असे थेट सांगत नाही. ते पेशीत शिरून काही जनुके चालू करते आणि काही बंद करते. कोणती जनुके, हे त्या पेशीत कोणता रिसेप्टर, म्हणजे संप्रेरकाला धरून ठेवणारे प्रथिन, आहे आणि तिच्या डीएनएचा कोणता भाग वाचला जाण्यासाठी मोकळा आहे, यावर ठरते. त्या जनुकांमध्ये पेशीविभाजनाला लागणाऱ्या प्रथिनांची जनुके असतील तर विभाजन होईल, ते रोखणाऱ्या प्रथिनांची असतील तर थांबेल. पुष्कळदा त्यांत ग्रोथ फॅक्टरची जनुके असतात, आणि तेव्हा संप्रेरक पोहोचते एका पेशीला आणि वाढते तिच्या शेजारची दुसरीच. ही शेवटची बाब पाठ्यपुस्तकात एखाद्या ओळीत उरकली जाते. माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे, आणि ती नीट समजली की शिक्षिकेच्या प्रश्नातला विरोधाभास उरत नाही.

रिसेप्टरविषयी आवश्यक तेवढेच सांगतो. स्टिरॉइड रेणू लहान आणि स्निग्ध पदार्थात विरघळणारे असल्यामुळे पेशीपटल ओलांडून सहज आत जातात. रक्तातील इस्ट्रॅडिऑल इतके अत्यल्प असते की ते पिकोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या एक लक्ष कोटीव्या भागात मोजतात. एवढ्याशा संप्रेरकाचे शरीरात काय होते, हे शोधण्यासाठी एलवुड जेन्सन यांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीस शिकागो येथे किरणोत्सारी हायड्रोजन जोडलेले इस्ट्रॅडिऑल वापरले. उंदरांच्या इतर अवयवांतून ते लवकर निघून गेले; गर्भाशयात आणि योनीमार्गात मात्र ते न बदलता टिकून राहिले. तिथे त्याला धरून ठेवणारे प्रथिन, म्हणजेच इस्ट्रोजेनचा रिसेप्टर, आहे हे यातून पुढे आले. कॉर्टिसॉलचा रिसेप्टर एरवी पेशीद्रवात इतर प्रथिनांच्या सोबतीने थांबलेला असतो. संप्रेरक मिळताच तो त्यांच्यापासून सुटतो, केंद्रकात जातो आणि डीएनएवरच्या ठरावीक क्रमांवर बसतो. इस्ट्रोजेनचा रिसेप्टर बहुतांशी आधीपासूनच केंद्रकात असतो. मात्र रिसेप्टर एकटा काही करत नाही. त्याच्याभोवती जमणारी सहायक प्रथिने जनुक उघडतील की मिटतील हे ठरवतात, आणि ही सहायक प्रथिने प्रत्येक ऊतीत वेगवेगळ्या प्रमाणात असतात. टॅमॉक्सिफेन हे औषध स्तनाच्या पेशींमध्ये इस्ट्रोजेनला अडवते आणि गर्भाशयाच्या अस्तरात मात्र स्वतःच थोडेफार इस्ट्रोजेनसारखे वागते, याचे कारण हेच आहे. रेणू तोच आणि रिसेप्टरही तोच असून परिणाम उलटा होऊ शकतो, हे विद्यार्थ्यांना पटवण्यासाठी याहून चांगले उदाहरण माझ्या माहितीत नाही.

आता ग्रोथ फॅक्टर, म्हणजे वाढघटक. स्टिरॉइड आणि हे रेणू अगदी वेगळ्या जातीचे आहेत. ग्रोथ फॅक्टर ही प्रथिने असतात, ती पेशीपटल ओलांडू शकत नाहीत, आणि त्यांचे रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावर असतात. बहुतेकांचा परिणाम शेजारच्या पेशींपुरता असतो. चेतापेशींची वाढ करणारा घटक रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांनी आणि त्वचेच्या वरच्या थराची वाढ करणारा, ईजीएफ नावाचा घटक स्टॅन्ली कोहेन यांनी शोधला. दोघांना 1986 चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या विषयाला लागणारे आणखी चार-पाच घटक असे: वाढसंप्रेरकाचे काम हाडांपर्यंत नेणारा आयजीएफ-1, ईजीएफच्याच कुळातले ॲम्फिरेग्युलिन, अस्तराच्या पेशी वाढवणारे एफजीएफ कुळातले घटक, आणि बहुतेक अस्तरपेशींचे विभाजन रोखणारा पण जखमेत तंतू तयार करवणारा टीजीएफ-बीटा. स्नायूंची वाढ आवरणारे मायोस्टॅटिन हे याच टीजीएफ-बीटाच्या कुळातले आहे.

इस्ट्रोजेनने पेशीविभाजन कसे सुरू होते, हे स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून बारकाईने पाहिले गेले आहे. संप्रेरक मिळाल्यावर पहिल्या काही तासांत मिक आणि सायक्लिन डी-1 या प्रथिनांचे प्रमाण वाढते, ती पेशीला विश्रांतीच्या टप्प्यातून बाहेर काढतात, आणि साधारण एका दिवसात डीएनएची प्रत काढण्याचे काम सुरू झालेले असते. पाठ्यपुस्तकात आकृती असते ती या थेट मार्गाची. निरोगी शरीरात मात्र चित्र बरेच वेगळे आहे.

निरोगी स्तनाच्या ऊतीत ज्या पेशींमध्ये इस्ट्रोजेनचा रिसेप्टर असतो त्या पेशी स्वतः क्वचितच विभाजन पावताना दिसतात, आणि ज्या विभाजन पावतात त्यांच्यात बहुधा हा रिसेप्टर नसतो. पहिल्या गटातल्या पेशी इस्ट्रोजेन मिळाल्यावर ॲम्फिरेग्युलिन तयार करतात; ते भोवतालच्या आधारपेशींना मिळते, आधारपेशी त्यावर एफजीएफ कुळातले घटक सोडतात, आणि त्या घटकांमुळे दुधाच्या नलिकांच्या टोकाच्या पेशी वाढतात. वयात येताना मुलींच्या स्तनांची जी वाढ होते तिच्यामागे पेशींमधली ही दोन-तीन टप्प्यांची देवघेव असते. प्रोजेस्टेरॉनही असाच मार्ग धरते: रिसेप्टर असलेल्या पेशीकडून रँकएल नावाचे प्रथिन बाहेर पडते आणि शेजारच्या मूळपेशी वाढीला लागतात. स्तनाच्या कर्करोगात ही शिस्त मोडते. तिथे रिसेप्टर असलेली पेशी स्वतःच विभाजन पावू लागते, तिला शेजाऱ्याची गरज राहत नाही. निरोगी पेशी आणि कर्करोगाची पेशी यांच्यातला हा फरक मला अतिशय महत्त्वाचा वाटतो, आणि ‘इस्ट्रोजेन पेशी वाढवते’ एवढे एकच वाक्य शिकवले की तो नेमका हरवतो.

गर्भाशयातला पुरावा याहून स्पष्ट आहे. 1997 मध्ये जेराल्ड कुन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इस्ट्रोजेनचा रिसेप्टर असलेले आणि नसलेले उंदीर घेतले, त्यांच्या गर्भाशयाचे अस्तर आणि त्याखालची आधार-ऊती एकमेकांपासून सोडवली, आणि त्यांच्या अदलाबदल केलेल्या जोड्या लावल्या. अस्तरात रिसेप्टर नसला तरी आधार-ऊतीत असेल तर इस्ट्रोजेन दिल्यावर अस्तर वाढले. उलट अस्तरात रिसेप्टर असून आधार-ऊतीत नसेल तर ते वाढले नाही. म्हणजे वाढीचा निर्णय खालच्या थरात झाला आणि वाढ वरच्या थरात झाली. मधला निरोप नेण्याच्या कामात आयजीएफ-1 आणि एफजीएफ कुळातल्या घटकांचा मोठा वाटा असतो. प्रोजेस्टेरॉन याच निरोपावर घाव घालते. ते आधार-ऊतीत हँड-2 नावाचे प्रथिन वाढवते, हँड-2 एफजीएफचे उत्पादन दाबते, आणि अस्तराची वाढ थांबून ते गर्भधारणेच्या तयारीला लागते. ज्या स्त्रीमध्ये महिनोनमहिने बीजनिर्मिती होत नाही, तिच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही आणि इस्ट्रोजेनला आवर घालणारे कोणी राहत नाही. अस्तर जाड होत जाते, पाळी लांबते आणि मग अतिरक्तस्राव होतो, आणि काही वर्षांनी त्यातून कर्करोगही उद्भवू शकतो. पीसीओएस, म्हणजे बीजनिर्मिती अनियमित करणारा विकार, असलेल्या मुलींच्या आयांना मी हे नेहमी सविस्तर सांगतो, कारण ‘पाळी येत नाही ना, मग बरेच आहे की, त्रास वाचला’ ही समजूत आपल्याकडे अजून बऱ्याच घरांत आहे. तीन-तीन महिने पाळी न येणे ही दुर्लक्ष करण्याची गोष्ट नाही.

याच अवयवात एक गाठ अशी आहे जिथे प्रोजेस्टेरॉनची भूमिका उलटते. गर्भाशयाच्या स्नायूंत होणाऱ्या फायब्रॉइडला वाढायला इस्ट्रोजेनइतकीच प्रोजेस्टेरॉनचीही गरज असते, कारण तिथे प्रोजेस्टेरॉन वाढघटकांचे प्रमाण वाढवते. रजोनिवृत्तीनंतर दोन्ही संप्रेरके उतरली की फायब्रॉइड बहुधा आकसतो. अस्तरात वाढ थांबवणारे संप्रेरक दोन सेंटिमीटर पलीकडे स्नायूत वाढ करवते, हे लक्षात घेतले तर ‘वाढवणारे संप्रेरक’ आणि ‘रोखणारे संप्रेरक’ अशी वर्गवारी का टिकत नाही ते ध्यानात येईल.

पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीत हीच रचना आढळते. टेस्टोस्टेरॉनचे तिथे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन होते, ते आधारपेशींच्या रिसेप्टरवर काम करते, आणि आधारपेशींतून बाहेर पडणारे एफजीएफ-7, एफजीएफ-10 यांसारखे घटक ग्रंथीच्या पेशी वाढवतात. उतारवयात वाढलेल्या प्रोस्टेटसाठी दिले जाणारे फिनास्टेराइड हे रूपांतर अडवते आणि ग्रंथी साधारण 20 टक्क्यांनी लहान होते, पण त्याला काही महिने लागतात. पंधरवड्यात गुण नाही म्हणून गोळी सोडून देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. प्रोस्टेटच्या कर्करोगात पुरुषी संप्रेरक काढून घेतले की गाठ आकसते, हे चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये दाखवले आणि त्याबद्दल त्यांना 1966 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आतापर्यंत निरोपाची दिशा संप्रेरकाकडून ग्रोथ फॅक्टरकडे होती. ती उलटही असते. ईजीएफ किंवा आयजीएफ-1 पेशीच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरला चिकटले की पेशीत जी साखळी सुरू होते, तिचे शेवटचे टोक इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरवर फॉस्फेटचा गट बसवते, आणि मग तो रिसेप्टर इस्ट्रोजेन नसतानाही काही प्रमाणात चालू होतो. उपचारात हे फार महाग पडते. इस्ट्रोजेन बंद करणारी गोळी व्यवस्थित चालू असताना स्तनाची गाठ पुन्हा वाढू लागते, तेव्हा पुष्कळदा ग्रोथ फॅक्टरचा मार्ग जोरात चालू झालेला असतो. म्हणूनच आता गाठीच्या तुकड्यावर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनच्या रिसेप्टरबरोबर हर-2 नावाच्या वाढघटक-रिसेप्टरचीही तपासणी करतात, आणि गरजेप्रमाणे दोन्ही वाटा एकदम बंद करणारी औषधे देतात. हा तपासणीचा कागद घरात कुठेही पडू देऊ नये. मुंबईला किंवा कोल्हापूरला पुढच्या उपचाराला जाताना तो नसेल तर निर्णय अडतो.

उंचीच्या प्रश्नाकडे वळतो. वयात येताना लैंगिक संप्रेरके वाढसंप्रेरकाचे स्रवणे वाढवतात, त्यामुळे यकृतात आणि हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेच्या वाढपट्टीत आयजीएफ-1 वाढतो आणि मूल भराभर उंच होते. पण तेच इस्ट्रोजेन प्रमाण वाढल्यावर आणि काळ लोटल्यावर वाढपट्टीच्या पेशींची शक्ती संपवते आणि पट्टी हाडात मिटून जाते. मुलग्यांमध्येही हे काम इस्ट्रोजेनच करते, टेस्टोस्टेरॉनपासून तयार झालेले. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वृत्तान्तात 28 वर्षांच्या एका पुरुषाचे वर्णन आहे, ज्याच्या शरीरात इस्ट्रोजेनचा रिसेप्टर जन्मतःच निकामी होता. त्याची उंची 204 सेंटिमीटर होती, वाढपट्ट्या अजून उघड्या होत्या आणि टेस्टोस्टेरॉन पुरेसे असूनही हाडे ठिसूळ होती. डाव्या हाताच्या एक्स-रेत या पट्ट्या बोटांच्या आणि मनगटाच्या हाडांच्या टोकांशी काळ्या बारीक रेषांसारख्या दिसतात. मी आईवडिलांना तो एक्स-रे खिडकीकडे धरून दाखवतो. रेषा दिसत असतील तर वाढीला वाव आहे, मिटल्या असतील तर बाजारातल्या कुठल्याही पावडरीने उंची वाढणार नाही, हे त्यांना डोळ्यांनी पाहिल्यावर पटते.

कॉर्टिसॉल आणि त्याच्या जातीची औषधे, म्हणजे प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, वाढपट्टीवर थेट काम करतात: कूर्चापेशींचे विभाजन मंदावते, स्थानिक आयजीएफ-1 चा परिणाम घटतो, काही पेशी मरतातही. मूत्रपिंडाच्या आजारासाठी महिनोनमहिने गोळ्या घ्याव्या लागणाऱ्या मुलांची उंची त्यामुळे मागे पडते. मात्र न वापरल्या गेलेल्या पेशी पुष्कळशा शिल्लक राहतात, म्हणून औषध वेळेत कमी झाले तर मूल बरीच भरपाई करते. दम्याच्या पंपाची गोष्ट वेगळी आहे. त्यातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि ती मुख्यतः श्वासनलिकेवरच काम करते. ब्युडेसोनाइडचा पंप काही वर्षे घेतलेल्या मुलांच्या मोठेपणीच्या उंचीत सरासरी 1.2 सेंटिमीटर फरक पडला, आणि तो पहिल्या एक-दोन वर्षांतला होता, वर्षागणिक वाढत गेलेला नव्हता. उलट दमा आटोक्यात नसलेले मूल पावसाळाभर रात्री जागते, जेवत नाही, शाळा बुडवते आणि शेवटी त्याला गोळ्यांचा किंवा इंजेक्शनांचा खूप मोठा डोस घ्यावा लागतो. आपल्या दमट हवेत, भिंतींना बुरशी धरणाऱ्या घरांत, मृगाच्या तोंडावर पंप बंद करण्याचा निर्णय कोणीही परस्पर घेऊ नये. पंपामागून चूळ भरावी आणि दर सहा महिन्यांनी उंची मोजून नोंदवून ठेवावी, एवढी काळजी पुरे.

कॉर्टिसॉलविषयी आणखी एक गोष्ट. ते वाढ रोखते हे खरे, पण बऱ्याच ठिकाणी ते पेशीला संख्या वाढवण्याकडून पक्व होण्याकडे वळवते. वेळेआधी प्रसूती होणार असे दिसले तर आईला बीटामेथासोन किंवा डेक्सामेथासोनची इंजेक्शने देतात. त्यामुळे बाळाच्या फुफ्फुसाच्या पेशी पक्व होऊन फुफ्फुस मिटू न देणारा द्रव तयार करू लागतात. लिगिन्स आणि हावी यांनी 1972 मध्ये हे दाखवले आणि त्यानंतर असंख्य बाळे वाचली. लसीकापेशींना, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना, मात्र हेच औषध आत्मनाशाकडे नेते, म्हणून काही रक्तकर्करोगांत ते उपचाराचा भाग असते. आणि पोटातल्या चरबीच्या कच्च्या पेशी त्याच्या प्रभावाखाली भरभरून पक्व होतात, म्हणून दीर्घकाळ गोळ्या घेणाऱ्याचे हातपाय बारीक आणि पोट सुटलेले दिसते.

आता त्या आजीची जखम. आपल्याकडे आठवडा बाजारात किंवा कुणाच्या तरी सांगण्यावरून ‘जडीबुटीची’ म्हणून जी सांधेदुखीची पुडी मिळते, तिने दोन दिवसांत गुडघे हलके झाले, भूक वाढली, चेहरा भरला, तर त्यात डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन कुटून घातलेले असण्याचा संशय मी पहिल्यांदा घेतो. जखम भरताना आधी पांढऱ्या पेशी आणि बिंबाणू येऊन पीडीजीएफ आणि टीजीएफ-बीटा हे ग्रोथ फॅक्टर सोडतात, त्यांच्या हाकेवर तंतूपेशी जमून कोलॅजेन घालतात, आणि तंतूपेशींनी सोडलेल्या एफजीएफ-7 मुळे कडेची त्वचा आत सरकत येते. स्टिरॉइड या प्रत्येक टप्प्यावरचे ग्रोथ फॅक्टर कमी करते. मिरकरवाड्याला किंवा हर्णैला मासे कापताना विळी लागलेली बोटे एरवी आठवड्या-दीड आठवड्यात सांधतात. पुडी घेणाऱ्या बाईच्या बोटावरची जखम महिना झाला तरी फिकट, ओलसर आणि कडेने न सरकणारी राहते, भोवतालची कातडी पातळ कागदासारखी सुरकुतते, आणि मनगटावर न आपटताच जांभळे डाग उमटलेले असतात. त्याच बाईला उकिडवे बसल्यावर हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठता येत नाही, कारण मांडीच्या स्नायूत आयजीएफ-1 चा परिणाम घटलेला असतो, मायोस्टॅटिन वाढलेले असते आणि स्नायूंची प्रथिने मोडणारी यंत्रणा जोरात चालू असते. तिला वाटते म्हातारपण आले. या तिन्ही खुणा एका ठिकाणी दिसल्या की रक्तातली साखर, रक्तदाब आणि सकाळी आठ वाजताचे कॉर्टिसॉल तपासावे.

मलमांची गोष्ट याला जोडूनच येते. पावसाळ्यात ओल्या कपड्यांत काम करणाऱ्यांच्या जांघेत आणि कमरेला गजकर्ण होते, आणि औषधाच्या दुकानातून क्लोबेटासोल हे तीव्र स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली ट्यूब आणली जाते. खाज दोन दिवसांत थांबते, कारण दाह दबतो. बुरशी मात्र निर्धास्त पसरते, गजकर्णाची उठावदार कड पुसट होते, त्यामुळे निदान अवघड होते, आणि खालच्या तंतूपेशींनी कोलॅजेन घालणे कमी केल्याने त्वचा पातळ होऊन जांघेत बोटभर रुंद जांभळे पट्टे फुटतात. ते पट्टे पुढे फिके होतात, जात मात्र नाहीत. चेहरा उजळण्यासाठी अशीच मलमे लावणाऱ्या मुलींच्या गालांवर केशवाहिन्यांची लाल जाळी उमटते. ही मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे. तो पाळला जात नाही, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण हे नुकसान पूर्णपणे टाळता येण्याजोगे आहे.

व्यायामशाळेच्या शंकेचे प्रामाणिक उत्तर असे की स्नायू वाढतात. 1996 मध्ये शलेंदर भसीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी पुरुषांना आठवड्याला 600 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन 10 आठवडे दिले. व्यायाम न करणाऱ्यांचेही स्नायू वाढले, आणि व्यायाम करणाऱ्यांचे सर्वांत जास्त. स्नायूतंतूंना चिकटून असलेल्या राखीव पेशींची संख्या वाढते आणि स्नायूतच तयार होणाऱ्या आयजीएफ-1 चाही त्यात हात असतो. विद्यार्थ्यांशी खोटे बोलून ‘काही उपयोग होत नाही’ असे सांगितले तर ते पुढचे काहीच ऐकत नाहीत. पुढचे असे आहे: बाहेरून आलेले टेस्टोस्टेरॉन पाहून मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी वृषणांना दिला जाणारा संदेश थांबवते, वृषणे आकसतात आणि शुक्रजंतू शून्यावर येऊ शकतात, अस्थिमज्जेत तांबड्या पेशी बेसुमार तयार होऊन रक्त घट्ट होते, चांगले कोलेस्टेरॉल घटते, तेलग्रंथी वाढून पाठभर पुरळ उठते. आणि सतरा वर्षांच्या मुलाच्या वाढपट्ट्या अजून उघड्या असतील तर त्या टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेन होऊन पट्ट्या मिटतात आणि उंची तिथेच राहते. वर्गात हे शेवटचे वाक्य जरूर सांगावे, त्या वयात त्याचा परिणाम होतो.

प्रात्यक्षिकाच्या तासासाठी एक जोड सुचवतो. स्टिरॉइडने वाढीचे नियमन करणे ही पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांपुरती गोष्ट नाही. आपल्या खाडीतली कुर्ली कवच टाकते तेही एक्डायसोन कुळातल्या स्टिरॉइडमुळे; कवच टाकल्यावर ते पुन्हा कडक होईपर्यंतच्या थोड्या वेळात ती पाणी शोषून आकाराने वाढून घेते. बुटेनांट आणि कार्लसन यांनी 1954 मध्ये रेशीमकिड्यांच्या 500 किलो कोशांतून एक्डायसोनचे अवघे 25 मिलिग्रॅम स्फटिक वेगळे केले होते. कुर्ली आणि कोळंबी यांना कोलेस्टेरॉल स्वतः बनवता येत नाही, ते अन्नातून मिळवावे लागते, म्हणून कोळंबीच्या खाद्यात ते घालतात.

शेवटी, पुडी बंद कशी करावी, कारण शिक्षिकेने लिहिले आहे की आजींच्या घरच्यांनी ती लगेच फेकून देण्याचे ठरवले आहे. असे करू नये. मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींची बाहेरची साल कॉर्टिसॉल तयार करते आणि ती साल जिवंत, भरलेली ठेवण्याचे काम पीयूषिकेतून येणारे एसीटीएच करते. म्हणजे एका अर्थी तेही वाढघटकच आहे. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिले की एसीटीएच बंद होते, सालीच्या पेशी आकसतात, आणि पुडी एकदम थांबवल्यावर त्या लगेच काम करू शकत नाहीत. रुग्णाला अशक्तपणा येतो, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो, आणि वेळेत उपचार न झाल्यास जीवाला धोका होतो. आजींना जवळच्या डॉक्टरांकडे पुडीसकट न्यावे. ते मोजलेल्या मात्रेत प्रेडनिसोलोन किंवा हायड्रोकॉर्टिसोन सुरू करतील आणि काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत, ते उतरवत नेतील. मात्रा उतरू लागली की जखमही भरायला लागेल. तोवर त्यांना ताप आला, जुलाब-उलट्या झाल्या, अपघात झाला किंवा शस्त्रक्रिया ठरली, तर त्या स्टिरॉइड घेत होत्या हे उपचार करणाऱ्यांना सर्वांत आधी सांगावे, कारण अशा वेळी निरोगी शरीर जे जास्तीचे कॉर्टिसॉल तयार करते ते त्यांच्या शरीरात तयार होणार नाही आणि इंजेक्शनने द्यावे लागेल.